घरातला झगा

आजचा माझा विषय ऐकून आपल्यापैकी कित्येकांस हसू येण्याचा संभव आहे. वस्त्रांविषयी बोलावयाचे झाले तर पैठणीविषयी बोलावे, इरकलीविषयी बोलावे, निदान खादीविषयी तरी बोलावे, अशी रीत आहे. मला मात्र आज बोलावयाचे आहे ते अशा एका वस्त्राविषयी, की जे घालून कोणी लग्नास जात नाही, ज्यात कोणी आपले छायाचित्र काढू देत नाही, आणि दारावरची घंटा वाजली की जे झाकण्यासाठी घरात एकच धांदल उडते. तरीसुद्धा आपल्या शहरांतील असंख्य गृहिणी उन्हाळ्यातील दिवसाचे बहुतेक तास याच वस्त्रात काढतात. ते वस्त्र म्हणजे सुती गाऊन. कोणी त्यास मॅक्सी म्हणतात. आमच्या सासूबाई त्यास झगा म्हणतात, आणि हा शब्द उच्चारताना त्यांच्या कपाळावर, निदान गेल्या उन्हाळ्यापर्यंत, एक बारीकशी आठी हटकून उमटत असे.

ही आठी कशी गेली, ते सांगण्यासाठी मी आपणांस प्रथम खंडाळ्यास नेणार आहे.

१८६३ साली बोरघाटातून आगगाडी वर चढू लागली. सह्याद्रीच्या माथ्यावर सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेले हे गाव तेव्हापासून मुंबईकरांस जवळचे झाले, आणि उन्हाळा आला की खंडाळ्याची आठवण होणे हा त्यांच्या स्वभावाचाच एक भाग होऊन बसला. आम्हीही गेल्या मे महिन्यात तेथे एक जुने कौलारू घर पंधरा दिवसांसाठी भाड्याने घेतले होते. घरात माणसे नऊ. मामंजी, सासूबाई, आम्ही उभयता, धाकटे दीर, जाऊबाई आणि तीन मुले.

एके दिवशी दुपारी, जेवणाची उष्टी काढून होतात न होतात तोच, आमच्या वन्संचे सासरे, म्हणजे आमचे व्याही, पुण्यास जाता जाता न कळवता दाराशी येऊन उभे राहिले. त्या वेळी घरातील देखावा असा होता. मामंजी ओटीवर आरामखुर्चीत पंचा नेसून व बनियन घालून वर्तमानपत्र वाचीत होते. दीर लुंगीवर होते. दोघांनीही हसतमुखाने "यावे, यावे" म्हणून व्याह्यांचे स्वागत केले आणि आहेत त्याच वेषात त्यांच्याशी गप्पा मारीत बसले. यात कोणासही यत्किंचित वावगे वाटले नाही. इकडे आत मात्र जाऊबाई गाऊनवर घेण्यासाठी ओढणी शोधीत सैरावैरा धावत होत्या. मी खोलीचे दार लावून घाईघाईने साडी गुंडाळीत होते, आणि तेवढ्यात शेगडीवरचे दूध उतू गेले.

धांदल उडाली नाही ती एकट्या सासूबाईंची. त्या बारा महिने पाचवारी साडीतच असतात. पदर सावरून त्या शांतपणे बाहेर आल्या. मात्र खुर्चीत बसताना त्यांनी कमरेपाशी हात दाबला, आणि व्याही जाईपर्यंत तो हात तेथून निघाला नाही.

रात्री मी त्यांस विचारले, "आई, कमरेला काय झालं?"

"काही नाही गं. उन्हाळ्यात होतंच असं. नाडी आहे, काचणारच. पन्नास वर्षं काचतेय."

मी बळेच पाहिले. परकराच्या नाडीच्या रेषेत त्वचा काळी व जाड झाली होती आणि उजव्या बाजूस दोन ठिकाणी सोलून निघाली होती. दुसऱ्या दिवशी त्यांस लोणावळ्याच्या एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी मलम दिले आणि बजावले, की जखम भरून येईपर्यंत कमरेस काहीही आवळून बांधावयाचे नाही; सैल सुती गाऊन घालावा; आणि काही आठवड्यांत जखम भरली नाही तर पुन्हा दाखवण्यास यावे. डॉक्टरांसमोर सासूबाई काही बोलल्या नाहीत. रिक्षात बसल्यावर मात्र म्हणाल्या, "झगा घालून मी चौघांत बसू? आणि व्याही आले म्हणजे?"

श्रोतेहो, हा प्रश्न मला हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. शरीरास सुख देणारे एक वस्त्र घरात आहे, डॉक्टर ते घालावयास सांगत आहेत, आणि तरीही एक सुज्ञ वृद्ध स्त्री ते घालण्यापेक्षा सोललेल्या कमरेने बसणे पत्करते. असे का व्हावे? आणि त्या वस्त्रात खरोखर इतके सुख असते तरी कशाने? या दोन प्रश्नांचा आपण क्रमाने विचार करू.

प्रथम सुखाचा प्रश्न. खंडाळ्यास गेलेल्या प्रत्येकाचा असा अनुभव आहे, की मे महिन्यात दुपारचे ऊन तेथेही चांगलेच तापते, पण मुंबईसारखा जीव कासावीस होत नाही. याचे एक मोठे कारण घाम. उन्हाळ्यात आपले शरीर घामाने थंड राहते असे आपण म्हणतो. परंतु घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम त्वचेवर वाळून जाताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर घेऊन जातो. तोच घाम ओघळून खाली पडला, तर शरीरातील पाणी तर गेलेच आणि थंडावाही जवळजवळ काहीच मिळाला नाही. समुद्राकाठच्या दमट हवेत बाष्प आधीच भरलेले असल्यामुळे घाम वाळण्यास वाव थोडा. घाटमाथ्यावरची दुपारची हवा त्या मानाने कोरडी, म्हणून तेथे घाम आला केव्हा आणि गेला केव्हा, हे कळतही नाही.

आता त्वचा आणि हवा यांच्या मध्ये येते ते आपले वस्त्र. उन्हाळ्याचे वस्त्र म्हणजे घामाच्या मार्गातील दार होय. ते उघडे असेल तर सुख, बंद असेल तर तलखी. सुताचा धागा पाणी स्वतःत शोषून घेतो. नेहमीच्या हवेत कोरडे दिसणारे सुती कापडही आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के इतका ओलावा बाळगून असते. पॉलिएस्टरच्या धाग्यात हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरते. खेळाडूंसाठी विशेष रीतीने विणलेली कृत्रिम कापडे घाम पसरवून लवकर वाळवतात, हे खरे. परंतु घरगुती वापराच्या स्वस्त, गुळगुळीत, दाट विणीच्या कृत्रिम कापडात तो गुण नसतो. तेथे घाम आतल्या आत अडकून राहतो, कापड पाठीस चिकटते आणि हवेचा मार्गच खुंटतो.

कापडाइतकेच महत्त्व त्याच्या सैलपणास आहे. गाऊन खांद्यावरून खाली सरळ सुटलेला असतो. शरीर व कापड यांच्यामध्ये हवेचा एक थर राहतो. ही हवा शरीराच्या उष्णतेने तापली की हलकी होऊन गळ्याच्या बाजूने वर निघून जाते आणि खालून घेराच्या वाटेने दुसरी हवा आत येते. चालताना, वाकताना, केर काढताना हाच घेर लोहाराच्या भात्याप्रमाणे हवा आतबाहेर करीत राहतो. वाळवंटातील बेदुइन लोक काळे, पायघोळ झगे घालतात, याचे शास्त्रज्ञांस फार दिवस कोडे होते. कारण काळा रंग ऊन अधिक शोषतो. १९८० साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात याविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. भर वाळवंटातील उन्हात काळा व पांढरा असे दोन्ही झगे घालून पाहिले, तेव्हा काळे कापड अधिक तापले खरे, पण त्वचेपर्यंत पोचलेली उष्णता दोन्ही झग्यांत सारखीच भरली. काळ्या कापडाने घेतलेली जास्तीची उष्णता आतील खेळती हवा त्वचेपर्यंत पोचण्याआधीच वाहून नेत होती. सैल वस्त्राचा हा गुण वाळवंटातील माणसांनी अनुभवाने ओळखला होता.

या दृष्टीने आपल्या नेहमीच्या वेषाकडे पाहू. साडी हे सुंदर वस्त्र आहे, आणि मऊ सुती साडीचा पदर अंगावर वाऱ्यासारखा असतो, हे मलाही मान्य आहे. परंतु पाचवारी साडी ही एकटी नसते. तिच्याखाली परकर, वर घट्ट पोलके, आणि कमरेभोवती निऱ्यांचे सहासात थर एकावर एक खोचलेले. हा सारा भार एका बारीक नाडीवर. साडी सुटू नये म्हणून ती नाडी आवळून बांधावी लागते. घाम सर्वात अधिक साचतो तो तेथेच, आणि घासही तेथेच लागते.

येथे मला एक गंभीर गोष्ट सांगितली पाहिजे. १९४५ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विख्यात रोगनिदानतज्ज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी एका सहकाऱ्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात धोतर कमरेस आवळून नेसण्याच्या जागी, वर्षानुवर्षांच्या घर्षणाने होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन होते. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही तसाच विकार आढळला. अगदी अलीकडे, २०२४ साली, वर्धा व बिहार येथील डॉक्टरांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत दिली. दोघींच्याही कमरेवर दीर्घकाळ न भरलेला व्रण होता, आणि तपासणीअंती तो त्वचेचा कर्करोग ठरला. हा विकार फार विरळा आहे, हे मी मुद्दाम सांगते. हे ऐकून कोणी भगिनीने उगाच धास्ती घेऊ नये. लक्षावधी स्त्रिया जन्मभर साडी नेसतात आणि त्यांस काहीही होत नाही. पण कमरेवरची त्वचा सतत काळवंडत असेल, सोलत असेल, आणि विशेषतः एखादी जखम आठवडेच्या आठवडे भरत नसेल, तर ती "नाडी आहे, काचणारच" म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांस दाखवावी, आणि तेवढ्या काळापुरती तरी कमर मोकळी ठेवावी. ज्यांस साडी सोडावयाची नाही त्यांनी बारीक नाडीऐवजी रुंद, मऊ पट्टा लावून परकर शिवावा, गाठ रोज एकाच जागी येऊ देऊ नये, आणि घरी असताना ती सैल करावी.

आता दुसरा प्रश्न. इतके सुख असताना या वस्त्राविषयी संकोच का? आक्षेप घेणारे म्हणतात, की गाऊन हा मुळात रात्री झोपताना घालावयाचा इंग्रजी पोशाख. तो दिवसा, चारचौघांत घालणे असभ्यपणाचे आहे. हा आक्षेप कोठवर जाऊ शकतो याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात घडले. २०१४ साली नवी मुंबईतील गोठिवली गावात महिलांच्या एका मंडळानेच फलक लावला, की दिवसा गाऊन घालून घराबाहेर फिरणाऱ्या स्त्रीस ५०० रुपये दंड करण्यात येईल. २०१८ साली आंध्र प्रदेशातील तोकलपल्ली या गावातही दिवसा गाऊन घालण्यास बंदी करून दंड ठरवण्यात आला होता. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की पुरुषांनी बनियन व लुंगीवर नाक्यापर्यंत जाऊ नये, असा फलक लागल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

या फलकामागे असलेल्या भगिनींस मी दोष देत नाही. सार्वजनिक ठिकाणी कसे वावरावे याचे काही संकेत प्रत्येक समाजात असतातच, आणि बाजारात जाताना वेष बदलावा असे मलाही वाटते. माझे म्हणणे इतकेच, की अमुक वस्त्र रात्रीचे आणि अमुक दिवसाचे, ही वाटणी कापडावर लिहिलेली नसते. ती माणसे करतात, आणि बदलतातही माणसेच.

याचे सर्वात गमतीचे उदाहरण म्हणजे पायजमा. हा शब्द फारसी. पाय आणि जामा, म्हणजे वस्त्र, यांवरून झालेला. आपल्या देशात पायजमा हा भल्या माणसांचा दिवसाचा, चारचौघांतला पोशाख होता व आजही आहे. येथे आलेल्या इंग्रजांस तो सैल व सुखाचा वाटला म्हणून त्यांनी तो घरात व निजताना घालण्यास आरंभ केला, आणि एकोणिसाव्या शतकात तोच त्यांच्या देशात रात्रीचा पोशाख होऊन बसला. म्हणजे आपले दिवसाचे वस्त्र त्यांच्याकडे जाऊन रात्रीचे झाले, आणि त्यांचे रात्रीचे वस्त्र आपल्याकडे येऊन दिवसाचे झाले. हा व्यवहार उभयपक्षी फिटला, असे म्हणावयास हरकत नाही.

आमचे मामंजी ज्या बनियनमध्ये व्याह्यांसमोर निःसंकोच बसले होते, त्या बनियनचीही कथा अशीच आहे. सतराव्या व अठराव्या शतकांत युरोपातील श्रीमंत गृहस्थ घरी असताना तंग कोट उतरून एक सैल, पायघोळ अंगरखा घालीत. पूर्वेकडील व्यापारामुळे तो त्यांस परिचित झाला होता, आणि गुजरातच्या वाणी व्यापाऱ्यांवरून इंग्रजीत त्यास 'बनियन' हे नाव पडले होते. विद्वान मंडळी तो अंगरखा घालून आपली तैलचित्रे काढवून घेत. त्यात त्यांस भूषण वाटे. पुढे तेच नाव आपल्याकडे अंगात घालावयाच्या आखूड सदऱ्यास चिकटले. नावाने तेवढा मामंजींचा बनियन हा आमच्या गाऊनचा चुलतभाऊच म्हणावयाचा. मग एकाने ओटीवर बसावे आणि दुसऱ्याने ओढणीखाली लपावे, हा कोणता न्याय?

जपानातील युकाता या वस्त्राचे उदाहरणही बोधप्रद आहे. हे सुती वस्त्र मूळचे स्नानाच्या वेळचे. त्याच्या नावातच स्नानाचा उल्लेख आहे. हळूहळू ते उन्हाळ्यातील घरचे वस्त्र झाले, आणि आज जपानी स्त्रीपुरुष उन्हाळ्यातील उत्सवांत, शोभेच्या दारूकामाच्या रात्री, सुंदर छापाचे युकाता घालून अभिमानाने रस्त्यावरून हिंडतात. न्हाणीघरातून निघालेले वस्त्र उत्सवापर्यंत पोचले. कारण समाजाने त्यास हलके न मानता नीटनेटके केले.

आणि इतके दूर जावयाचे तरी कारण काय? आपल्याच घरांत पाहा. नऊवारी लुगडे, म्हणजे सत्तावीस फूट कापड, काष्टा घालून नेसलेले. त्यात स्त्रिया शेतात राबल्या, घोड्यावर बसल्या. पुढे शहरांतून गोल पाचवारी साडी आली, तेव्हा जुन्या बायकांनी तिलाही नाके मुरडली. आज तीच पाचवारी मर्यादेची खूण मानली जाते, आणि नऊवारी सणासुदीच्या हौसेची झाली आहे. प्रत्येक पिढीस मागील पिढीचा वेष भारदस्त व पुढील पिढीचा वेष सैल वाटतो. गाऊन या मालिकेतील सर्वात अलीकडचा. गेल्या काही दशकांत तो आपल्या घरांत शिरला, इतकेच.

तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. गाऊनची अप्रतिष्ठा काही अंशी आपणच ओढवून घेतली आहे. स्वस्त, पारदर्शक, रंग उडालेला, बटण तुटलेला, मिळेल त्या मापाचा गाऊन आपण घेतो. आणि मग तो घालून दार उघडण्यास लाज वाटते, यात नवल नाही. 'झगामगा आणि मला बघा' अशी एक म्हण आहे. आपल्या झग्याने 'मला बघू नका' असे म्हणण्याची पाळी येऊ नये. घरच्या वस्त्रास घरच्या माणसाइतकाच मान दिला, तर ते पाहुण्यांसमोरही शोभते. म्हणून खंडाळ्यास आम्ही सासूबाईंसाठी जे गाऊन शिवले, त्यांची माहिती देते. ज्यांस उपयोग होईल त्यांनी ती टिपून घ्यावी.

कापड निव्वळ सुती, साध्या विणीचे आणि मध्यम पातळ घ्यावे. मलमल अतिशय सुखकर, पण पारदर्शक असल्यामुळे तिला खांद्यापासून गुडघ्यापर्यंत अस्तर हवे; त्यापेक्षा बारीक पॉपलिन किंवा किंचित जाड वायल बरी. दुकानदार सुती म्हणून मिश्र कापड देत नाही ना, याची परीक्षा सोपी आहे. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरावा व जाळून पाहावा. सुताचा धागा कागद जळाल्यासारखा वास देतो आणि मागे मऊ राख उरते. पॉलिएस्टरचा धागा वितळून आकसतो आणि थंड झाल्यावर टोकास कडक मणी राहतो. कापड मध्यम उंचीच्या स्त्रीस सुमारे तीन मीटर पुरते. शिवण्यापूर्वी ते पाण्यात भिजवून वाळवावे, कारण नवे सूत पहिल्या धुण्यास आटते. खळ मात्र घालू नये. खळीने कापड कडक होते, धाग्यांमधील छिद्रे बुजतात, आणि ज्यासाठी सूत घेतले तो हेतूच फसतो.

रंग मध्यम व छाप बारीक असावा, म्हणजे कापड पारदर्शक दिसत नाही आणि हळदीचा डागही डोळ्यांत भरत नाही. गळा बंद, पुढे चार बटणे. बाही कोपरापर्यंत, पण लोंबणारी नको. लांबी घोट्याच्या वर चार बोटे. जमिनीवर लोळणारा घेर जिन्यावर पायांत येतो, आणि वृद्ध माणसाचे पडणे ही साधी गोष्ट नव्हे. दोन्ही बाजूंस खोल खिसे अवश्य ठेवावेत. पुरुषांच्या सदऱ्यास, लेंग्यास खिसे असतात. स्त्रियांनी मात्र किल्ल्या कमरेस खोचाव्यात आणि दूरध्वनी शोधीत घरभर हिंडावे, असे आजवर चालत आले आहे.

आणि स्वयंपाकघरासाठी एक सूचना. सैल वस्त्र जितके सुखाचे, तितकेच ज्योतीजवळ धोक्याचे. कृत्रिम कापड पेटले तर वितळून त्वचेस चिकटते आणि जखम खोल करते, म्हणून तेथे ते नकोच. परंतु सूतही झटकन पेट घेते, हे विसरू नये. शेगडीशी उभे राहताना गाऊनवर कमरेस सैलसा, जाड सुती एप्रन बांधावा आणि मागच्या शेगडीवरील भांडे पुढच्या ज्योतीवरून हात नेऊन उचलू नये. दुर्दैवाने कपड्याने पेट घेतलाच तर धावू नये. धावल्याने ज्वाळा भडकते. तत्काळ जमिनीवर आडवे होऊन लोळावे, आणि मग भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साध्या थंड पाण्याची धार धरावी.

असो. खंडाळ्याकडे परत वळू. आम्ही दोघी जावांनी लोणावळ्याच्या बाजारातून निळ्या बुट्ट्यांचे सुती कापड आणले आणि तेथल्याच एका शिंप्याकडून दोन गाऊन शिवून घेतले. सासूबाईंनी ते एक दिवस नुसते उशापाशी ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी, सारे निजले असता, त्यांनी त्यातला एक घातला आणि मागल्या अंगणात जांभळीखाली जाऊन बसल्या. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, वारा लागतोय." त्यांच्या बोलण्यात आश्चर्य होते. जणू पन्नास वर्षांत कमरेस वारा लागू शकतो ही गोष्ट त्यांस कोणी सांगितलीच नव्हती.

चार दिवसांनी व्याही पुण्याहून परतताना पुन्हा आले. दारावरची घंटा वाजली. जाऊबाईंनी सवयीने ओढणीकडे हात नेला, आणि मी सासूबाईंकडे पाहिले. त्या क्षणभर घुटमळल्या. मग खिशातून चष्मा काढून त्यांनी डोळ्यांस लावला आणि म्हणाल्या, "जा, दार उघड. त्यांना म्हणावं, बसा, मी येतेच." आणि त्या तशाच बाहेर गेल्या. व्याही उठून उभे राहिले, त्यांनी नमस्कार केला आणि प्रकृतीची विचारपूस केली. बोलणे पावसावर गेले. घाटातून ढग वर चढू लागले आहेत, यंदा पाऊस लवकर येणार, असे काहीसे. त्या दिवशी दूध उतू गेले नाही.

सासूबाईंची जखम पुढे तीन आठवड्यांत भरून आली. मुंबईस आल्यावर त्या बाहेर जाताना पूर्वीप्रमाणेच साडी नेसतात, पण परकरास आता रुंद पट्टा आहे आणि घरी आल्याबरोबर त्या निळ्या बुट्ट्यांचा गाऊन मागतात. त्यास झगा म्हणण्याचे त्यांनी अद्याप सोडलेले नाही. श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी अशाच कोणी आई, सासूबाई किंवा आत्याबाई असतील, त्यांनी आज रात्री त्यांस एवढेच विचारावे, की नाडी काचते का. आणि उत्तर "काही नाही गं" असे आले, तर ते तेवढ्यावर सोडू नये.